कोलोनच्या जत्रेत दुकान मांडताना

जर्मनीतल्या कोलोनचं गेम्सकॉम, म्हणजे व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन, भरतं ऑगस्टच्या उत्तरार्धात, आणि मेढ्यात ऑगस्ट म्हणजे वेण्णेचं गढूळ पाणी, अंगणातलं शेवाळ आणि दिवसातून चारदा जाणारी लाईट. लाईट आली तरी राउटर बराच वेळ नुसता लुकलुकत बसतो. नेमक्या त्याच पंधरवड्यात तुमच्या डेमोचं शेवटचं बिल्ड तयार व्हायचं असतं. म्हणून पहिला सल्ला कॅलेंडरचा. जावळीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात बसून गेम बनवत असाल, तर जुलै संपायच्या आत बिल्डला कुलूप घाला. त्यानंतर गेम अडकत असेल तरच कोडला हात लावायचा. निघायच्या तीन दिवस आधी मला एका ढगाचा रंग खटकला, तो बदलायला बसलो, आणि संध्याकाळी मला लॅपटॉप पिशवीत घालून, पिशवीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून सातारची एसटी पकडावी लागली. बिल्ड मित्राच्या स्वयंपाकघरात बसून पूर्ण केलं. तो ढग तिकडे एकानेही पाहिला नाही.

माझा गेम भातखाचरांचा आहे. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी खाचरं, वरच्यातलं पाणी खालच्यात सोडायचं, कुठलंही खाचर कोरडं राहू द्यायचं नाही आणि कुणाचाही बांध वाहून जाऊ द्यायचा नाही. दोन वर्षं एकट्याने केलेलं काम. ते घेऊन मी कोलोनला गेलो तेव्हा डोक्यात कल्पना होती ती परिषदेची: व्यासपीठ, गळ्यात ओळखपत्र, हस्तांदोलन. पोहोचल्यावर कळलं की ही सरळसरळ जत्रा आहे. २०२५ साली साडेतीन लाखांवर माणसं तिथे येऊन गेली. मोठ्या कंपन्या म्हणजे आकाशपाळणे, आणि आपण पालाखाली भिरभिरी घेऊन बसलेले. मांढरदेवीच्या किंवा पालीच्या यात्रेत खेळणीवाल्याला कधी नीट पाहिलंय? तो ओरडून फार सांगत नाही. एक भिरभिरं फिरत ठेवतो आणि पोराच्या डोळ्यांकडे बघतो. परदेशी एक्स्पोत इंडी डेव्हलपरने करायचं काम तेवढंच आहे. बाकीची सगळी त्यासाठीची तयारी.

तिकडे गेल्याने गेम विकला जाईल, या हिशेबावर मात्र जाऊ नका. पाच दिवस उभं राहून तुमच्या टेबलावर काही शे माणसं खेळतील. त्यांतली थोडी विशलिस्टचं बटण दाबतील, आणि त्यांतलीही थोडीच पुढे विकत घेतील. तिकीट, व्हिसा, मुक्काम आणि स्टॉल यांचा खर्च त्या विक्रीतून निघणार नाही. जायचं ते दोन गोष्टींसाठी: अनोळखी माणूस आपला गेम कसा खेळतो हे डोळ्यांनी पाहायला, आणि प्रकाशक, कन्सोलवाले, पत्रकार यांच्याशी समोरासमोर बोलायला. यासाठी घरातलं सोनं गहाण ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा होतो, त्यात भाग घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि नुसती विशलिस्ट वाढवायची तर तो जास्त उपयोगाचा. फक्त एका गेमला त्यात एकदाच जाता येतं, म्हणून अर्धाकच्चा डेमो घेऊन घाई करू नका.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक गेमवाल्याने माहीत करून घ्यावी. त्यांच्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’साठी २०१७च्या अखेरीस किकस्टार्टरवर मागितलेले पैसे जमलेच नाहीत. पण लोकांना हातात देऊन खेळवता येईल असं काहीतरी त्यांच्याजवळ होतं. पुढे प्रकाशक मिळाला, १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. प्रकाशक कल्पना ऐकून घेतो, पण हातात कंट्रोलर आला की मगच खुर्ची पुढे ओढतो.

कुठे जावं? कोलोन ऑगस्टमध्ये, तोक्योचा गेम शो सप्टेंबरमध्ये चिबाच्या माकुहारी मेस्सेत, सॅन फ्रान्सिस्कोची जीडीसी मार्चमध्ये, बॉस्टन आणि सिएटलला पॅक्स, क्योतोला बिटसमिट. जीडीसी ही बनवणाऱ्यांची जागा, पॅक्स खेळणाऱ्यांची. कोलोनला दोन्ही आहेत. बँकॉकला २०२५पासून गेम्सकॉम एशिया भरू लागलंय, आणि खिशाच्या दृष्टीने ते आपल्याला सगळ्यात जवळचं. पण याही आधी आपल्या देशातली आयजीडीसी ही गेमवाल्यांची परिषद करून या. व्हिसा नको, आणि परदेशातल्या प्रकाशकांची माणसं तिथेही फिरकतात. तिथे आपलं टेबल लावून दोन दिवस काढले की कळतं, आपला आवाज किती टिकतो, पाय किती टिकतात आणि डेमो किती टिकतो. पहिल्या परदेशवारीला तर स्टॉल न घेता नुसतं व्यावसायिक पाहुण्याचं तिकीट काढून जावं, असंही मी सुचवेन. मी तसं केलं नाही, आणि त्याचे पैसे मोजले.

स्टॉल घेणार असाल तर एकट्याने घेऊ नका. कोलोनला इंडी अरिना बूथ म्हणून छोट्या गेमवाल्यांची सामाईक पेठ असते. तिथे अर्ज करून निवड व्हावी लागते आणि अर्जाची मुदत बरेच महिने आधी संपते. कुठल्याही आयोजकाचा कागद आला की ‘काय मिळणार’ यापेक्षा ‘काय मिळणार नाही’ हे शोधा. टेबल आहे, खुर्ची आहे का? स्क्रीन त्यांचा की आपण भाड्याने घ्यायचा? विजेचं कनेक्शन धरलंय की वेगळं? आपल्या गणपतीच्या मांडवातही लाईटचं बिल कोण भरणार हे आधी ठरतं; तिथेही तोच प्रश्न आधी विचारायचा. जर्मनीत आणखी एक भानगड आहे. तिथे गेम चारचौघांत मांडायचा तर यूएसके या संस्थेचं वयोगटाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर गेम अठरा वर्षांवरच्यांसाठीचा धरला जातो, मग आत शेतातलं पाणी असो की रक्त. येणाऱ्या पोरांच्या मनगटावर वयाप्रमाणे रंगीत पट्ट्या असतात. आयोजकांना याबद्दल सुरुवातीलाच लिहा.

आता कागदपत्रं. सातारा जिल्हा पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला २००० जादा. आपल्या तालुक्यात घोळ होतो तो पत्त्याचा. निम्मी जावळी माथाडीच्या कामामुळे घणसोली-कोपरखैरण्याला, आधार कार्ड तिकडचं, रेशन कार्ड गावचं, आणि पोरगं राहतं सध्या गावी. पोलीस पडताळणीला हवालदार येतो तेव्हा तुम्ही अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर असायला हवं. त्यामुळे आधी एकच पत्ता ठरवा, सगळे कागद त्यावर आणा, मग अर्ज भरा. यात दोन महिने सहज जातात.

युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तो पंधरा दिवसांचा आकडा विसरून जा. उन्हाळ्यात तारखाच मिळत नाहीत; मे महिन्यात हालचाल सुरू करा. जर्मनीचे अर्ज व्हीएफएसमार्फत घेतात आणि त्यांचं केंद्र पुण्यातही आहे. प्रौढाची व्हिसा फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

खरा प्रश्न असतो तो, हा माणूस परत येईल का? नोकरदाराकडे कंपनीचं पत्र असतं. घरी बसून गेम करणाऱ्या पोराकडे काय आहे? म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा. ती फुकट होते आणि तुमच्या उद्योगाला कागदावर नाव येतं. रिटर्न भरत असाल तर मागच्या वर्षांची, बँकेची स्टेटमेंटं, आयोजकांचं निमंत्रण किंवा स्टॉलची पावती, परतीच्या तिकिटाचं आरक्षण, मुक्कामाचा पत्ता. शिवाय एक पानी पत्र: मी कोण, काय बनवतो, कुठल्या दिवशी कुठे असेन, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. खात्यात आदल्या आठवड्यात मामाने टाकलेले दोन लाख कुणालाही ओळखू येतात. पैसे देणारा मामाच असेल तर तसं सरळ लिहा आणि मामाचे कागद जोडा. मी सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवादही जोडला होता. ‘पोटखराबा’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अनुवाद करणाऱ्यांशी अर्धा तास चर्चा झाली. त्या कागदाने व्हिसा मिळाला की नाही, देव जाणे; पण गावाशी गाठ दाखवणारा तेवढाच एक कागद माझ्याकडे होता.

अमेरिकेचं वेगळं. फी १८५ डॉलर, मुलाखत मुंबईला बीकेसीत, आणि तारीख मिळायला कधी कधी महिने लागतात. मार्चच्या जीडीसीचा विचार आदल्या वर्षीच्या गणपतीत करायचा.

मुक्काम कोलोन शहरातच हवा असा हट्ट धरू नका. एक्स्पोच्या आठवड्यात तिथले भाव आपल्याकडच्या महाबळेश्वरच्या मे महिन्यासारखे होतात. बॉन किंवा ड्युसेलडॉर्फला राहा, गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास येता येतं. प्रदर्शनाचं मैदान मेस्से-डॉइट्झ स्टेशनच्या शेजारीच आहे.

सामान. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण लॅपटॉपचा आपला जाड पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. अ‍ॅडाप्टर दोन घ्या, आणि तीन-चार प्लग बसतील असा इथला एक्स्टेंशन बोर्ड बरोबर न्या; एका अ‍ॅडाप्टरवर अख्खं टेबल चालतं. जपान-अमेरिकेत व्होल्टेज कमी, तिथे चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलंय का ते पाहून घ्या. कंट्रोलर वायरवाले, एक जादा. एचडीएमआय केबल दोन. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत टाकली तर काढून घेतात. बिल्ड लॅपटॉपवर, दोन पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन, असं चार ठिकाणी. गेम नेटशिवाय चालला पाहिजे. लाखभर मोबाईल एका छपराखाली असतात तिथे वायफायवर विसंबणं म्हणजे पावसाळ्यात बामणोलीला रेंज शोधणं.

बॅनर इथेच छापून नेला तर स्वस्त पडतो, गुंडाळून उभा करता येणारा. मात्र फ्लेक्सवाल्याच्या शेजारी बसून करून घ्या. माझ्या पहिल्या नमुन्यात त्यांनी सवयीने खालच्या कोपऱ्यात ‘शुभेच्छुक’साठी जागा सोडली होती. बॅनरवर गेमचं नाव, एक चित्र, एक ओळ आणि मोठा क्यूआर कोड. चित्र छातीच्या वर यायला हवं, कारण खालचा भाग गर्दीत दिसतच नाही.

आई पेढ्यांचा डबा देईल. सातारच्या माणसाने कंदी पेढे न घेता बाहेर पडणं तिला पटत नाही. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे, आणि पेढा म्हणजे खवाच. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा शेंगदाण्याची चिक्की न्या. माझ्या टेबलावरची चिक्की हे शेजारच्या स्टॉलवाल्यांशी ओळख होण्याचं सगळ्यात मोठं कारण ठरलं.

आणि आता डेमो. दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. सुरुवातीला कंपनीचं बोधचिन्ह, मग प्रस्तावना, मग मेनू असला फापटपसारा काढून टाका. कंट्रोलर उचलला की पाचव्या सेकंदाला हाताखाली काहीतरी हललं पाहिजे. मिनिटभर कुणी हात लावला नाही तर गेम आपोआप पहिल्या पडद्यावर परत यावा. खेळता खेळता माणूस निघून जातो आणि पुढच्याला मधूनच गोष्ट मिळते, ही सगळ्यात नेहमीची चूक. आधीचा सेव्ह पुसला जावा. एस्केप दाबून कुणी विंडोजमध्ये शिरू नये. पोरं शिरतात.

माझ्या टेबलावर पहिल्या दिवशी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बसला. पहिल्या पातळीत वरचं खाचर भरलेलं, खालचं भेगाळलेलं. मधे बांध. आपल्याकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं की बांध थोडा उकरला की पाणी खाली येतं. दारं धरायला कुणी ना कुणी तरी गेलेलं असतंच. त्या मुलाने भरलेल्या खाचरात उडी मारायचा प्रयत्न केला. मग भेगांवर चालून पाहिलं. मग बांधावर उभा राहून तो शांतपणे डोंगर बघत बसला. माझ्या पोटात कालवाकालव. मी पुढे वाकून म्हणालो, इथे हे बटण दाब. त्याने दाबलं, पाणी आलं, तो हसला आणि दोन मिनिटांत उठून गेला.

शेजारच्या टेबलावर पोलंडहून आलेला एक वयस्क गेमवाला होता. चिक्की चघळत त्याने मला एवढंच सांगितलं की तू बोललास तिथे तुझी चाचणी संपली. पुढचे चार दिवस मी एक वही घेतली, मागे सरकलो आणि तोंड बंद ठेवलं. हे फार अवघड आहे. आपल्या हाताने लावलेल्या रोपावर कुणी पाय देतोय आणि आपण नुसतं लिहून घेतोय, असं वाटतं. पण त्या वहीत दुसऱ्या दिवसाअखेर एकच ओळ पुन्हापुन्हा आली होती: बांध कळत नाही, बांध कळत नाही. लिहिताना वेळ लिहा, कुठे अडला ते लिहा, उठून गेला तर कुठे ते लिहा. ‘आवडलं का’ हे विचारूच नका. समोरासमोर सगळे आवडलं म्हणतात.

एकटे गेला असाल तर शेजाऱ्याशी संधान बांधा. तो जेवायला गेला की तुम्ही त्याचं टेबल बघा, तुम्ही गेलात की तो तुमचं. बूट जुने, वापरात असलेले. पाण्याची बाटली. दिवसभर मोठ्याने बोलून तिसऱ्या दिवशी घसा बसतो, तेव्हा तोंड बंद ठेवण्याचा हा आणखी एक फायदा.

व्यावसायिक भेटी वेगळ्या हॉलमध्ये आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतात. त्यासाठी मीटटूमॅचसारख्या व्यवस्थेवर आधीच नाव नोंदवून वेळा मागायच्या असतात. तिकडे पोहोचून कुणी भेटेल अशी आशा धरू नका. महिनाभर आधी छोटं, नेमकं पत्र लिहा: गेमचं नाव, एका वाक्यात काय आहे, चालतं चित्र, डेमोचा दुवा, किती काम झालंय, किती पैसे आणि किती महिने हवेत. शेवटच्या दोन गोष्टी सांगायला आपण लाजतो. लाजू नका. वीस कंपन्यांना लिहिलं तर चार-पाच उत्तरं येतील, आणि तीही अशा प्रकाशकांकडून यावीत की ज्यांनी तुमच्यासारखे गेम आधी काढलेत. बंदुकांचे गेम काढणाऱ्याला भातखाचरं दाखवण्यात दोघांचाही वेळ जातो. भेटीत गेम त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. संस्कृती, परंपरा, पाच हजार वर्षं हे विषय विचारल्याशिवाय काढू नका. एका बाईंनी मला विचारलं की तुझ्या गेममध्ये बिघडू काय शकतं? मी शेतकऱ्याच्या व्यथेवर बोलायला लागलो. त्यांना विचारायचं होतं की खेळणारा हरतो कसा.

जागेवर सही करायची नाही, हे सांगायला नकोच. करार घरी आणा आणि कळणाऱ्या माणसाला दाखवा. प्रकाशक आपला खर्च आधी वसूल करणार का, आणि कुठल्या खर्चाला तो ‘खर्च’ म्हणतो? गेमची मालकी कुणाची, पुढच्या भागाची कुणाची? किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी? काम अर्धवट सुटलं तर हक्क परत येतात का?

परत आल्यावर आठवडाभरात सगळ्यांना पत्रं. प्रत्येकाच्या कार्डामागे तिथल्या तिथे दोन शब्द लिहून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर साठ कार्डं आणि एकही चेहरा नाही अशी गत होते. स्टीमवर कर-अर्ज भरताना पॅन क्रमांक नीट टाका आणि भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागा, म्हणजे तिकडच्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात. एक्स्पोनंतर ‘आम्ही क्युरेटर आहोत, पाच कीज पाठवा’ अशी पत्रं ढिगाने येतील. बहुतेक खोटी. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. खरा पत्रकार वाटला तर त्याच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर उलट विचारा. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण मंजूर केलंय, त्यातून प्रदर्शनांसाठी काही मदत निघते का, यावरही लक्ष ठेवा. मात्र तिच्या भरवशावर तिकीट काढू नका.

मी परत आलो तेव्हा खाचरांत भात पोटरीला आला होता. आठ दिवस नुसता त्या एका बांधावर बसलो. बाण काढून पाहिला, पाटी लावून पाहिली, सगळं शाळेच्या पुस्तकासारखं दिसायला लागलं. मग शेतावर गेलो तर बांधाला खेकड्याने भोक पाडलेलं, आणि त्यातून पाणी बारीक धारेने खाली पडत होतं. तोच खेकडा गेममध्ये घातला. पहिल्या दृश्यात तो बांध पोखरतो, चमचाभर पाणी खाली उतरतं, आणि भेगाळलेल्या मातीवर एक हिरवा ठिपका येतो.

गणपतीत घणसोलीहून बहिणीचा मुलगा आला. जन्मल्यापासून इमारतीत वाढलेला, भात त्याने फक्त ताटात पाहिलेला. कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि वही घेऊन मागे बसलो. त्याने खेकड्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि भोकाशेजारचा बांध उकरायला लागला. हा मुलगा दर मे महिन्यात आमच्याकडे असतो. कोलोनच्या आधी दोन मे महिने तो याच ओटीवर मोबाईल घेऊन बसलेला होता, आणि मी त्याला एकदाही गेम दाखवला नव्हता.